चिपरच्या पात्यांना घरी धार लावावी का? लावावी, पण आधी फट बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सांगोल्याकडचे डाळिंब बागायतदार. साडेसात एचपीच्या मोटरवर चालणारा दोन पात्यांचा डिस्क चिपर तिघा भावांनी मिळून घेतलाय. छाटणीच्या फांद्या बारीक करून झाडाच्या बुडाला आच्छादन म्हणून टाकतात. धार लावायला पंढरपूर गाठावं लागतं, जोडीचे ४०० रुपये, शिवाय जाण्यायेण्यात अर्धा दिवस मोडतो. घरात चार इंची हँड ग्राइंडर पडलेला आहे. व्हिडिओ बघून त्यांनी एकदा स्वतःच धार लावली. कागद सरकन कापला जाईल इतकी तेज निघाली, पण दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन पुन्हा फांद्या कापायच्या ऐवजी चघळायला लागलं. ते विचारतात, घरी धार लावणं परवडतं का, आणि माझं नेमकं काय चुकलं?

परवडतं. मी शेती अवजारांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप चालवतो, म्हणजे तुम्ही घरी धार लावलीत तर माझ्यासारख्याचंच गिऱ्हाईक जातं, तरी सांगतो की परवडतं. पण धार लावता येत नाही ही तुमची अडचण दिसत नाही. लावलेली धार टिकत नाही, ही आहे. आणि कदाचित दोष धारेचा नसेलही.

'धार गेली' म्हणून मशीन माझ्याकडे येतं तेव्हा मी पात्याकडे नंतर बघतो. आधी फट बघतो. फिरणारं पातं आणि खालचं स्थिर पातं, ज्याला काही जण ॲन्व्हिल म्हणतात, यांच्यामधली फट. फांदी कापली जाते ती या दोघांच्या मधे, एकट्या फिरत्या पात्याने नाही. फट वाढली की बारीक काडी कापली न जाता त्या फटीत दुमडते, साल दोऱ्यासारखी लोंबते, आणि बाहेर ढलप्यांऐवजी काथ्या पडायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं पातं बोथट झालं. मग तो पातं काढतो, घासतो, परत बसवतो. घासल्यामुळे पातं आणखी मिलिमीटरभर मागे गेलेलं असतं, म्हणजे फट अजून वाढते. नव्या धारेच्या जोरावर एक दिवस काम निघतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. तुम्ही जे लिहिलंय त्याच्याशी हे बरंच जुळतं. धार लावल्यावर फट पुन्हा जुळवल्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेख नाही.

फट किती असावी ते मशीनवर अवलंबून. पुस्तिका सापडली तर तिच्यातला आकडा पाळा. नसेल तर लहान डिस्क चिपरला एक ते दीड मिलिमीटरपासून सुरुवात करा. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच, घरात नसतो, हरकत नाही. हॅक्सॉची दोन जुनी पाती एकावर एक धरली, दात नसलेल्या कडेने, तर जाडी साधारण सव्वा मिलिमीटर भरते. तीच फटीत घालून बघायची. किंचित घासत गेली पाहिजेत. डिस्क हाताने फिरवत दोन्ही पात्यांना, आणि प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना, अशा चार जागी बघा. एक पातं दुसऱ्यापेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर पुढे असेल तर सगळं काम तेच करतं आणि तेच आधी बोथट होतं. फट काही मशीनमध्ये खालचं पातं सरकवून जुळवतात, काहींत फिरत्या पात्याची भोकं लांबट असतात. बोल्ट आवळताना पातं हलतं, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजायचं.

खालच्या पात्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्याचा कोपरा काटकोनात तीक्ष्ण लागतो. नखाने चाचपा. गोल लागला तर वरच्या पात्याला कितीही धार लावा, फांदी चेंगरतच जाणार. बऱ्याच मशीनमध्ये ही पट्टी उलटसुलट बसते, म्हणजे तिला दोन किंवा चार कडा वापरता येतात, आणि मालकाला ते माहीतच नसतं. फिरत्या पात्यांचंही तसंच. दोन्ही बाजूंना धार असलेली पाती असतील तर आधी उलटवा, घासायचं नंतर.

अजून एक गोष्ट, तुमच्याकडे नक्की घडणारी. व्होल्टेज. शेतीच्या लाइनवर दाब कमी असला की मोटर दमते, फेरे कमी होतात, आणि चिपर बोथट पात्यांसारखाच वागतो. साडेसात एचपीची थ्री फेज मोटर पूर्ण लोडवर साधारण ११ अँपिअर घेते. नवी धार असताना मनगटाएवढी ओली फांदी घालून पॅनलवरचा आकडा बघून ठेवा. पुढे तशाच फांदीला, व्होल्टेज तेवढंच असताना, अँपिअर चढलेला दिसला तर धार गेली असं समजायला हरकत नाही. व्होल्टेजच पडलेलं असेल तर पाती काढायची घाई करू नका. बेल्टही ढिला नाही ना ते बघा.

फट, खालची कड, व्होल्टेज, बेल्ट हे सगळं ठीक असेल तर मग धार. तुमची धार एका दिवसात का गेली असेल? मला तीन कारणं दिसतात आणि बहुधा दोन एकत्र असावीत.

पहिलं, कोन. कागद कापणारी धार स्वयंपाकघरात लागते. चिपरची डिस्क मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर दोन पात्यांचे मिळून ४००० घाव मिनिटाला बसतात, तेही डाळिंबाच्या लाकडावर, जे वाळलं की दगडासारखं होतं. इतकी पातळ धार तिथे दुमडते नाहीतर तुटते. बहुतेक चिपरच्या पात्यांचा कोन ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असतो. कोनमापक नसला तरी पट्टीने कळतं. पातं १० मिलिमीटर जाड असेल आणि कोन ३० अंश असेल तर उताराची, म्हणजे धारेकडच्या तिरक्या घासलेल्या भागाची, रुंदी बरोब्बर दुप्पट, २० मिलिमीटर भरते. ३५ अंशाला साडेसतरा, ४५ अंशाला १४. तुमचा उतार २४ मिलिमीटरपर्यंत लांबला असेल तर कोन २५ अंशांवर आलाय, म्हणजे तुम्ही पात्याची सुरी केलीत. मूळ कोन जो होता तोच ठेवायचा. मशीन बनवणाऱ्याने तो पात्याचं पोलाद आणि डिस्कवरची बैठक बघून ठरवलेला असतो.

दुसरं, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरणं. हँड ग्राइंडरचा चार इंची दगड दहा-अकरा हजार फेऱ्यांनी फिरतो आणि धारेचं टोक असतं कागदाएवढं पातळ. उष्णता जायला तिथे जागाच नसते. दोन सेकंद एका जागी रेंगाळलात की टोक तापून रंग बदलतं. साध्या कार्बन पोलादात गवती पिवळा रंग २२० ते २३० अंश सेल्सिअसला येतो, निळा ३०० च्या आसपास. आता हे वाईट किती, ते पोलादावर अवलंबून. ईएन ३१ किंवा ओएचएनएस अशा कडक पोलादाची पाती असतील तर निळ्या रंगाचा अर्थ तिथलं टोक नरम पडलं, टिकणार नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेली स्थानिक पाती असतील तर त्यांचं टेम्परिंग, म्हणजे कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवून चिवट करणं, मुळातच जास्त तापमानावर झालेलं असतं, हलक्या निळ्याने त्यांचं फारसं बिघडत नाही. मात्र ती पहिल्यापासूनच थोडी नरम, त्यामुळे धार लवकर जाणारच. आणि डी-टू हे पोलाद, ज्याला वर्कशॉपात एचसीएचसी म्हणतात, त्यात क्रोमियम भरपूर असल्याने रंग उशिरा दिसतो. म्हणजे तुम्हाला रंग दिसला तेव्हा पातं तुमच्या अंदाजापेक्षा जास्त तापलेलं असतं. शिवाय हे पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की केसासारखे तडे जातात, डोळ्यांना दिसतही नाहीत.

नरम पडलंय का ते ओळखायला बारीक दातांची कानस घ्या. संशय आहे त्या जागी टोकावर हलकेच फिरवा, मग पात्याच्या अगदी कडेच्या कोपऱ्यावर, जिथे फांदी लागत नाही आणि तुमचा ग्राइंडरही पोचला नसेल, तिथे फिरवा. कडक पोलादावर कानस काचेवरून गेल्यासारखी घसरते, हाताला काही लागत नाही. नरमावर ती खरखरत धरते आणि कानशीच्या दातांत चकचकीत कीस अडकतो. दोन जागांतला फरक हाताला लगेच कळतो.

तिसरं कारण बर. घासताना धारेच्या पलीकडे पोलादाची पापुद्र्यासारखी कड उलटून येते. ती तशीच ठेवली तर हाताला धार भलतीच तेज लागते, कागदही कापते. पहिल्या तासाभरात ती दुमडते किंवा झडते आणि मागे बोथट टोक उरतं. पात्याच्या सपाट बाजूवरून धारेकडे बोट आणलंत तर ती नखाला अडकते. धारेवरून बोट लांबीच्या दिशेने फिरवू नका, हे सांगायला नको, पण माझ्याकडे येणारे निम्मे लोक तसंच करतात.

आता घरी करायचं कसं.

मोटरचा स्टार्टर बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात घाला. तिघे भाऊ एकाच मशीनवर, कोण कधी बटण दाबेल सांगता येत नाही. ट्रॅक्टरवरचा चिपर असेल तर पीटीओ (ट्रॅक्टरमागचा अवजार फिरवणारा शाफ्ट) बंद, किल्ली खिशात. डिस्क जड असते, वीज गेल्यावरही बराच वेळ फिरत राहते. ती पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि उघडल्यावर लाकडाची पाचर मारून ती अडकवायची. एक बोल्ट सुटला की डिस्क एका बाजूला जड होते आणि आपोआप फिरते, हात त्याच वेळी आत असतो.

पाती काढलीत की त्यांना आणि त्यांच्या जागांना खुणा करा, क्रमांक टाका. घासण्याआधी दोन्ही वजन करून लिहून ठेवा. किराण्याचा डिजिटल काटा चालतो.

हँड ग्राइंडरला घासायचा दगड लावू नका, फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्यांचं चाक, लावा, ८० नंबरची. फार बोथट असेल तर आधी ६०. फ्लॅप डिस्क कमी तापते आणि खड्डे पाडत नाही. कटिंगचं पातळ चाक आडवं धरून घासायला तर कधीच वापरायचं नाही, ते आडव्या दाबाने फुटतं. ग्राइंडरचं गार्ड जागेवर, चष्मा डोळ्यांवर.

पातं हातात धरून धार लावता येत नाही. लाकडाचा एक ठोकळा पात्याच्या कोनाइतका तिरका कापून घ्या. त्यावर पातं ठेवलं की त्याचा उतार वर आडवा, जमिनीला समांतर येतो. दोन्ही पाती शेजारी शेजारी ठेवून सी-क्लॅम्पने आवळा. आता तुम्हाला कोन सांभाळायचाच नाही, ग्राइंडर फक्त सपाट धरायचा. दोन्ही पाती एकदम घासली जातात, म्हणून सारखीच घासली जातात. हा ठोकळा एकदा केला की वर्षानुवर्षं चालतो. माझ्या मते तुमच्या ४०० रुपयांची खरी बचत ग्राइंडरपेक्षा या ठोकळ्यात आहे.

सुरू करण्याआधी उतारावर काळ्या मार्करने रेघोट्या मारा. फ्लॅप डिस्कचा एक हात फिरवा आणि बघा. शाई सगळीकडून सारखी गेली तर कोन बरोबर. नुसती धारेजवळून गेली तर तुम्ही कोन जाड करताय, नुसती मागून गेली तर बारीक. ठोकळ्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवून दुरुस्त करा. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता, दाब न देता हात फिरवायचा. चाकाची फिरण्याची दिशा अशी ठेवा की ठिणग्या धारेवरून बाहेर उडतील. धारेच्या विरुद्ध फिरवलं तर ग्राइंडर उसळून अंगावर येतो. प्रत्येक दोन हातांनंतर पात्याला बोट लावून बघा. बोटाला सोसत नसेल तर थांबा, ओलं फडकं ठेवा, चहा घ्या. पातं इतकं तापूच द्यायचं नाही की पाण्यात बुडवायची पाळी येईल.

कुठे थांबायचं? धार डोळ्यांसमोर उजेडात धरा. बोथट टोक उजेड परत फेकतं, पांढरी बारीक रेघ दिसते. ती रेघ दिसेनाशी झाली की झालं. पुढचा प्रत्येक हात पात्याचं आयुष्य कमी करतो. मध्ये एखादं खांड पडलं असेल, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं, तर ते तसंच सोडा. एका खांडाने ढलप्यांना काही फरक पडत नाही, पण ते घालवायला अख्खी धार दीड मिलिमीटर मागे नेणं हा शुद्ध तोटा आहे. खांड वेल्डिंगने भरायचं तर नावही काढू नका. वेल्डिंगच्या शेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि तो तुकडा सुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा निघतो.

शेवटी ऑइल स्टोन. पातं सपाट बाजूने दगडावर पूर्ण टेकवून बर काढा. सपाट म्हणजे अगदी सपाट, जराही तिरकं नको. त्या बाजूला बारीकसा जरी उतार पडला तरी पात्याची पाठ लाकडाला घासते, मशीन फांदी ओढून घेण्याऐवजी बाहेर ढकलतं. मग उताराच्या बाजूने, मूळ कोनापेक्षा किंचित उभा धरून, दोन-तीन हलके हात. धारेचं टोक जरा जाड होतं आणि जास्त टिकतं.

मग वजन. दोन पात्यांत दोन-चार ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर जड पात्याच्या मागच्या कडेवरून घासून कमी करा, धारेवरून नाही. एवढ्याने काय होतंय असं वाटेल. केंद्रापासून २० सेंटिमीटरवर १० ग्रॅम जास्त असतील आणि डिस्क २००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर साधारण ९ किलोचा ओढा तयार होतो, आणि तो सेकंदाला तेहतीस वेळा फिरत बेअरिंगला हाणत राहतो. बेअरिंग आणि शाफ्टचा खर्च धारेच्या ४०० रुपयांच्या कितीतरी वर जातो.

बसवताना पात्याखालची बैठक तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. तिथे सालीचा चिकट थर बसतो, आणि त्यावर आवळलेलं पातं तिरकं बसतं. बोल्ट मूळ ग्रेडचेच घ्या, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानातले बिनखुणेचे नकोत. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, पुन्हा पुन्हा वापरू नका. फट मोजा, डिस्क हाताने दोन-तीन फेरे फिरवून बघा, मगच पाचर काढून वीज. पंधरा मिनिटं चालवून बंद करा, पुन्हा मेन पाडून बोल्ट तपासा.

हे सगळं घरी जमतं, पण कायम घरीच करू नका. हाताने कितीही जपून घासलं तरी तीन-चार वेळांनंतर धार मधे खोल किंवा टोकांना गोल होते. तेव्हा एकदा वर्कशॉपातल्या सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे सपाट घासणाऱ्या मशीनवर, कूलंट (थंड ठेवणारं पाणी) सोडून दोन्ही पाती सारख्या रुंदीची करून आणायची. डी-टूची पाती असतील तर घरी फक्त ऑइल स्टोन आणि अगदी हलकी फ्लॅप डिस्क, बाकी सगळं सरफेस ग्राइंडर.

पैशाचा हिशोब करताना तुम्ही ४०० रुपये धरलेत, मी अर्धा दिवस धरतो. छाटणीला मजूर लावलेले असताना मशीन बंद म्हणजे खरा खड्डा तिथे पडतो. म्हणून पहिल्यांदा पात्यांची दुसरी जोडी घ्या. बोथट झाली की अर्ध्या तासात बदलायची, आणि काढलेली जोडी रात्री घरी किंवा औषधं आणायला पंढरपूरला जाल तेव्हा. धार लवकर जाऊ नये यासाठी फांद्या मातीतून ओढत आणू नका, ताडपत्रीवर टाका. पोलादाला लाकडापेक्षा वाळू जास्त खाते. छाटल्यावर ओल्या आहेत तोवरच घाला. आधाराच्या सुतळ्या, तारा, ठिबकच्या नळीचे तुकडे आधी निवडा. द्राक्षवाल्यांकडून येणाऱ्या पात्यांवर तारेची खांडं मी नेहमी बघतो. आणि तेल्या रोग आलेल्या फांद्या चिपरमध्ये घालूच नका, त्या बागेबाहेर नेऊन जाळायच्या. आच्छादन म्हणून परत झाडाखाली टाकलं तर रोग स्वतःच्या हाताने पसरवल्यासारखं होईल.

आता तुमच्या हातात असलेल्या जोडीचं. कानस लावून बघा. नरमपणा नुसता टोकाला असेल तर दीड-दोन मिलिमीटर मागे कडक पोलाद सापडतं. ते घरी घासत बसू नका. या वेळी पंढरपूरलाच द्या आणि सांगा की निळं गेलेलं सगळं काढा, मूळ कोन ठेवा, दोन्हींची रुंदी सारखी करा. त्याआधी बोल्टच्या भोकापासून धारेपर्यंतचं अंतर मोजा. पात्यावर झिजेची खूण असेल आणि धार तिच्यापर्यंत आली असेल, किंवा खालचं पातं पूर्ण पुढे सरकवूनही फट दीड मिलिमीटरच्या आत येत नसेल, तर त्या जोडीवर ४०० रुपये घालू नका, नवीच घ्या.